सराफा ठरला होता, जेवलो शेतावर: एका अभ्यासवर्गाच्या बक्षिसाची गोष्ट

हे प्रकरण इंदूरमधल्या एका छोट्या अभ्यासवर्गाचं आहे. मुलांची नावं दिलेली नाहीत. ओळखायला एकेक खूण ठेवली आहे, तेवढी पुरे. वर्ग मीच चालवते, त्यामुळे यातल्या बऱ्याच चुका माझ्या आहेत आणि त्या तशाच लिहिल्या आहेत.

पार्श्वभूमी

लोकमान्य नगरच्या बाजूला एका मराठी मंडळाची जुनी खोली आहे. गणेशोत्सव आणि हळदीकुंकू सोडलं तर ती वर्षभर रिकामी असायची. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी तिथे संध्याकाळी आठवी-नववीच्या मुलांना गणित शिकवायला लागले. विज्ञानाला कॉलेजात शिकणारा एक दादा येतो. फी नाही. मुलं बहुतेक मराठी घरांतली, पण गल्लीतली हिंदी आणि मारवाडी घरांतलीही येतात. सगळी मला काकू म्हणतात. बोलणं आमचं इंदुरी मराठीत, म्हणजे ‘काय करून राहिलास’ आणि ‘भिया’ एकाच वाक्यात.

त्या वर्षी वर्गात २१ मुलं होती. दिवाळीनंतर हजेरी गळायला लागली, तशी मी एक दिवस उत्साहाच्या भरात जाहीर केलं: सहामाहीत गणितात ८० च्या वर मार्क आणले, तर सराफ्यात पार्टी. माझ्या खर्चाने, जे मागाल ते.

इंदुराबाहेरच्यांसाठी थोडं सांगते. राजवाड्यामागचा सराफा दिवसा सोन्याचांदीचा बाजार असतो. रात्री सराफांच्या दुकानांची शटरं खाली आली की त्याच ओट्यांवर आणि समोरच्या रस्त्यावर खाण्याचे ठेले लागतात आणि मध्यरात्र उलटून गेली तरी गर्दी हलत नाही. तिथे भुट्ट्याचा कीस मिळतो: कोवळं कणीस किसून, तुपात हिंग-मोहरीची फोडणी देऊन, दूध घालून शिजवलेला. थंडीत गराडू मिळतो. हा एक कंद आहे, तो दोनदा तळून वर जिरावण, म्हणजे इकडचा चटपटीत मसाला, आणि लिंबू मारतात. शिवाय ताटलीएवढा जलेबा, मालपुआ, आणि दहीबडा हवेत उडवून झेलणारे गाडीवाले. आमच्या मुलांसाठी सराफा म्हणजे मोठ्यांची रात्र. लग्नातून परत येताना झोपेत वडिलांच्या खांद्यावरून पाहिलेली. म्हणून बक्षीस म्हणून ते फारच चाललं. दुसऱ्या दिवशी १९ मुलं हजर.

अडचण कुठे आली

डिसेंबरअखेर निकाल आले. ८० च्या वर सात जण. मी खूश. मग एकेक गोष्ट समोर यायला लागली.

सर्वांत जास्त, ९१, एका मारवाडी जैन घरातल्या मुलीचे. तिची आई वर्गाच्या दारात आली आणि अगदी संकोचाने म्हणाली, की त्यांच्याकडे सूर्यास्तानंतर खात नाहीत, मुलगीही पाळते. शिवाय गराडू कंद, तो दिवसाही चालत नाही. जानेवारीत इंदूरला सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि सराफ्याचे ठेले त्यानंतर दोन-तीन तासांनी लागतात. म्हणजे मी पहिल्या नंबराला असं बक्षीस देत होते जे तिला तोंडाला लावता येणार नव्हतं. चाळीस वर्षं या शहरात राहून, शेजारीपाजारी निम्मी जैन घरं असून, हे मला जाहीर करताना सुचलं नाही.

उरलेल्या सहांत दोन मुली. एकीच्या घरून ‘रात्री दहाला मुलींना नाही’ असं स्पष्ट आलं. दुसरीच्या आजीने विचारलं, परत सोडायला कोण येणार, आणि उत्तर ऐकायच्या आतच नाही म्हणाली. राहिले चार, चारही मुलगे.

आणि जे ८० च्या खाली होते, त्यांचं काय चाललं होतं, ते मी बघितलंच नव्हतं. एक मुलगा चाचणीत ३१ वर होता, सहामाहीत ५२ वर आला. वर्गातली सर्वांत मोठी उडी त्याची. त्याला काहीच नाही. आणखी तीन मुलं डिसेंबरातच शनिवारी येईनाशी झाली होती. मी समजत होते थंडी. त्यांच्यातल्या एकाने विज्ञानाच्या दादाला सांगितलं: ‘माझे ८० येणारच नाहीत, मग यायचं कशाला?’

इथे एक जुना प्रयोग आठवतो, तो बँकेच्या एका प्रशिक्षणात ऐकला होता. १९७३ साली अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतली, स्केचपेनने चित्रं काढायला आवडणारी मुलं घेतली. काहींना आधी सांगितलं, चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता दिलं. काहींना दिलंच नाही. पुढे मोकळ्या वेळात, आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुलं इतरांच्या निम्माच वेळ चित्रं काढत बसली. आता आमची मुलं चौदा वर्षांची आणि गणित काही त्यांना स्केचपेनसारखं आवडत नव्हतं, त्यामुळे तो प्रयोग जसाच्या तसा इथे लावता येत नाही. पण ‘मग यायचं कशाला’ हे वाक्य माझ्या कबुलीमुळेच तयार झालं होतं, एवढं खरं.

समोर होते ते पर्याय

मी, दादा आणि मंडळाचे सचिव असे तिघं बसलो. चहाच्या दोन फेऱ्या झाल्या.

शब्द दिला तो पाळायचा, चार मुलांना सराफ्यात न्यायचं आणि तीन मुलींना पुस्तकं द्यायची, हे सचिवांचं मत. खर्च दोन हजारांच्या आत. मला ते पटलं नाही. मुलींना पुस्तक आणि मुलांना जलेबा, हे मी तोंडाने म्हणूनही बघितलं, भयंकर वाटलं.

दादाचं मत छप्पन दुकानचं, म्हणजे इंदुरातल्या खाण्याच्या दुकानांच्या रस्त्याचं. दिवसा जाता येतं, रस्ता वाहनांना बंद, बसायला जागा, स्वच्छता चांगली. सुरक्षित पर्याय, खरंच. पण मी तिथे कॉलेजच्या पोरांचे घोळके पाहिले आहेत. प्रत्येकजण आपापल्या दुकानाकडे पांगतो, ज्याच्या खिशात घरचे दोनशे जास्त त्याच्या हातात तीन वस्तू, आणि ज्याच्याकडे नाहीत तो ‘मला भूक नाही’ म्हणत फिरतो. आमच्या वर्गात अशी ‘भूक नसलेली’ पाच-सहा मुलं होती.

तिसरा पर्याय, खाणं खोलीवरच मागवायचं. तो दोन मिनिटांत बाद झाला. रोज जिथे वर्गमूळ काढतात तिथेच समोसा खायचा, याला मुलं बक्षीस म्हणणार नाहीत.

चौथा पर्याय माझ्या भावजयीने फोनवर सुचवला. तिच्या माहेरची खंडवा रोडला, सिमरोळच्या अलीकडे थोडी शेती आहे. विहीर, दोन आंब्याची झाडं, राखणीला एक मावशी. माळव्यात अशा ठिकाणी जाऊन दाल-बाफले, म्हणजे डाळ आणि कणकेचे उकळून भाजलेले गोळे, करून खायची जुनी पद्धत आहे, तिला इकडे ‘गोठ’ म्हणतात. सगळ्या २१ जणांना न्यायचं, दिवसा न्यायचं, उजेडात परत. खर्च मात्र चौपट: मिनीबस, पीठ, तूप, गोवऱ्या, पत्रावळी धरून आठ हजारांवर जात होता.

निर्णय पहिला: सगळे की सात?

सगळ्यांना न्यायचं ठरलं. पैशाचा प्रश्न सचिवांनीच सोडवला, गणपतीच्या वर्गणीतली शिल्लक होती. पण मी इथे घाई केली. सातांना आधी विचारायला हवं होतं. मी थेट वर्गात सांगून टाकलं, की सराफा रद्द, सगळे शेतावर.

टाळ्या वाजल्या. सातातल्या एकाने वाजवल्या नाहीत. त्याचे ८४ होते. वर्ग सुटल्यावर तो थांबला आणि शांतपणे म्हणाला, ‘काकू, मी सराफ्यासाठीच केलं होतं. आता सगळे येणार, तर मी कशासाठी केलं?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. ‘सगळ्यांनी मिळून मजा’ वगैरे काहीतरी बोलले, ते त्याने ऐकून घेतलं आणि सायकल काढली.

त्याचं म्हणणं बरोबर होतं, असं मला आजही वाटतं. बक्षिसाचा नियम चुकीचा होता, पण तो नियम मी केला होता आणि त्याने तो पाळला होता.

निर्णय दुसरा: पोहे कुठे खायचे?

ही या प्रकरणातली सर्वांत अवघड जागा, म्हणून जरा थांबून लिहिते.

शेतावर बाफले व्हायला दुपार होणार, म्हणून सकाळी निघताना पोहे-जिलेबी हवी, हे उघड होतं. इंदुरात सकाळ दुसऱ्या कशाने होत नाही. ३१ वरून ५२ वर आलेल्या मुलाच्या वडिलांचा अन्नपूर्णा रोडकडे पोह्याचा ठेला आहे, हे मला प्रवेशाच्या फॉर्मवरून माहीत होतं. भर वर्गात मी त्याला म्हटलं, ‘अरे, तुझ्या बाबांनाच शेतावर बोलवू या की पोहे करायला! गरमागरम मिळतील.’

मला वाटलं होतं, मी त्याचा मान करते आहे. ज्याला काही मिळालं नाही त्याला पुढे आणते आहे.

तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी त्याच्या बाजूला बसणाऱ्या मुलाने, वही तपासून घेता घेता, वर न बघता सांगितलं: ‘काकू, त्याने सगळ्यांना पप्पांचा बिझनेस आहे म्हणून सांगितलं होतं. तुम्ही त्याच्या पप्पांना आचारी केलंत.’

फॉर्मवर लिहिलेली गोष्ट ही वर्गात बोलायची गोष्ट नसते. बँकेत तीस वर्षं खातेदाराची शिल्लक दुसऱ्याला कळू न देण्यात घालवलेल्या बाईला हे वेगळं सांगायची गरज पडायला नको होती.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ठेल्यावर गेले. एकटीच. वडिलांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी प्लेट भरून दिली: वाफेच्या पातेल्यावर ठेवलेले पिवळे पोहे, मध्ये बडीशेप दिसणारी, वर शेव, कांदा, जिरावणाची एक चिमूट. मी शेतावर येण्याचा विषय काढला, तर हसले. ‘काकू, रविवारचा गल्ला म्हणजे बाकीच्या तीन दिवसांचा. मुलाच्या क्लाससाठी येईन मी, पण...’ त्या ‘पण’पुढे ते काही बोलले नाहीत. म्हणजे माझ्या प्रेमळ सूचनेत मुलाची लाज तर होतीच, वर बापाची तीन दिवसांची कमाईही होती. ते मागायचा मला काय अधिकार होता?

मुलाच्या मनातलं त्यांना सांगायचं का, हा प्रश्न मला तिथेच पडला. नाही सांगितलं. ते बाप-लेकाचं. मी मध्ये पडले असते तर लाजेची गोष्ट घरापर्यंत पोचली असती.

संध्याकाळी मुलाला खोलीबाहेर गाठलं. माफी मागितली, सरळ. म्हटलं, चूक माझी, फॉर्मवरचं बोलायला नको होतं. पोहे दुसरीकडे खायचे की नाही, ते तू सांग, मी कारण विचारणार नाही. त्याने दोन दिवस घेतले. मग आला आणि म्हणाला, ‘ठेल्यावरच या. पण मला तिकडच्या बाजूला उभं करू नका.’

तिकडची बाजू म्हणजे कढईमागची. मी हो म्हटलं.

बस ठेल्यावरून न्यायची, पंधरा मिनिटं थांबायचं, नेहमीच्या भावाने खायचं, असं ठरलं. मोजून २४ प्लेट. पैसे मी आदल्या रात्रीच त्यांच्या फोनवर पाठवले. मुलांसमोर ‘राहू द्या काकू’, ‘नाही, घ्याच’ असा प्रसंग व्हायला नको होता. आगाऊ दिले की तो होत नाही.

जैन मुलीच्या आईला मी फोन करून सगळं विचारून घेतलं. ती मुलगी नवकारसी पाळते, म्हणजे सूर्योदयानंतर ४८ मिनिटं काही घेत नाही. जानेवारीत इंदूरचा सूर्योदय सातच्या पुढे, त्यामुळे साडेसातचं थांबणं मी सव्वाआठवर नेलं. आई म्हणाली, कांदा नको, आणि शेव कुठली, लसणाची की लवंगेची, ते बघा. इंदुरात हा प्रश्न अगदी साहजिक आहे. ठेल्यावर लवंगेची होती.

प्रत्यक्ष दिवस

संक्रांतीनंतरचा रविवार. कोणाच्या पिशवीत उरलेले तिळगूळ, दोघांकडे विटीदांडू. इकडे माळव्यात संक्रांतीला विटीदांडू खेळतात, पुण्याच्या पाहुण्यांना याचं नेहमी नवल वाटतं.

ठेल्यावर धुकं होतं. मुलं रांगेत. तो मुलगा सर्वांत मागे, जॅकेटची चेन हनुवटीपर्यंत ओढलेली. वडिलांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही, इतरांसारखीच प्लेट पुढे केली. मला वाटलं निभावलं. तेवढ्यात ८४ वाल्याने जिरावण मागितलं. वडिलांचे दोन्ही हात जिलेबीच्या पाकात. तो मुलगा पुढे झाला, ठेल्याखाली न बघताच हात घातला, जिरावणाचा डबा काढला, झाकणावर बोटाने टिचकी मारून नेमकं तेवढंच पोह्यांवर टाकलं आणि डबा परत जागेवर. तीन सेकंदांचं काम. ते संपल्यावर त्याच्या लक्षात आलं, की सगळे बघतायत.

कोणीतरी विचारलं, ‘शेव अजून मिळेल का?’

‘पाच रुपये एक्स्ट्रा,’ तो म्हणाला. वडील पाकाच्या वाफेतून हसले. मी दुसरीकडे बघत चहा प्यायले.

शेतावर पोचेपर्यंत साडेदहा. विटीदांडू सुरू. मी, दादा आणि चार मुली पीठ मळायला. बाफल्यांना जाडसर गव्हाचं पीठ लागतं, त्यात थोडं मक्याचं, ओवा, हळद, मीठ आणि तुपाचं मोहन. घट्ट गोळे करून उकळत्या पाण्यात सोडायचे, वर तरंगले की काढून निथळायचे, मग गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजून तुपात बुडवायचे. बाटी आणि बाफल्यात फरक या उकळण्याचाच.

डाळीचा प्रश्न आधीच मिटवला होता. दोन पातेली करायची, एकात लसूण घालायचा आणि एकात नाही, असं दादा म्हणत होता. मी एकच पातेलं केलं, हिंग-जिऱ्याच्या फोडणीचं, आणि लसणाची चटणी बाजूला वाटीत. ज्याला हवी त्याने घ्यावी. एका मुलीसाठी वेगळं पातेलं ठेवलं की ती जेवताना दहा वेळा ‘हे माझं का?’ विचारत बसते. गराडू मात्र केला, नाहीतर बंड झालं असतं. वेगळ्या कढईत, सगळ्यांत शेवटी. दोन मुलांनी हाताला तेल न लावता तो सोलला आणि अर्धा तास खाजवत बसले.

गडबड निखाऱ्यांवर झाली. गोवऱ्या पूर्ण पेटून वर पांढरी राख धरेपर्यंत थांबावं लागतं. मुलांना धीर नव्हता, मलाही भूक लागली होती, आणि ज्वाळा दिसत असतानाच आम्ही चाळीस बाफले आत टाकले. दहा मिनिटांत वरून काळे. फोडून पाहिले तर आत कणीक, चिकट. वेळ दीड.

राखणीच्या मावशी लांबून बघत होत्या. आम्हाला कोणी विचारलं नव्हतं म्हणून त्या बोलल्या नव्हत्या. आता आल्या. ज्वाळा विझू दिल्या, निखारे पसरले, काळे बाफले काठीने एकेक करून कडेला घेतले, वर गरम राख ओढली, आणि आम्हाला सांगितलं की आता अर्धा तास कोणी इकडे यायचं नाही. विटीदांडू पुन्हा सुरू झाला. अडीचला त्यांनी राख बाजूला सारली. वरची करपट साल हातानेच उतरली, आतून बाफले पिवळे, भुगा पडणारे. पंधरा-वीस फारच जळालेले होते, ते म्हशीला गेले.

जेवण तीनला सुरू झालं, ठरल्यापेक्षा दोन तास उशिरा. पत्रावळीत कुस्करलेला बाफला, त्यात खड्डा, खड्ड्यात तूप, वर डाळ. काही वेळ कोणी बोललं नाही. २१ चौदा वर्षांची मुलं गप्प बसलेली मी वर्गात कधी पाहिली नाहीत. मावशी आमच्यात जेवायला बसल्या, ते बरं झालं. खरं तर सकाळीच त्यांना कामात घ्यायला हवं होतं, मजुरी ठरवून.

८४ वाला जेवला, पण एका बाजूला बसून. विटीदांडूतही तो फारसा नव्हता.

पाच वाजता निघालो. पत्रावळ्या तिथेच खड्ड्यात, बाकी प्लॅस्टिक पिशवीत भरून बसमध्ये. २०१७ पासून स्वच्छतेत पहिल्या नंबरावर असलेल्या शहरात वाढलेली पोरं आहेत, ओला-सुका त्यांना सांगावा लागत नाही. कोणी वेफरचं पाकीट खिडकीतून टाकलं असतं तर बसमध्ये दंगल झाली असती. सूर्य मावळायच्या आत जैन मुलगी घरी पोचावी म्हणून तिला पहिलं सोडलं. तिच्या आईने दारातच विचारलं, खाल्लंस ना नीट, आणि तिने तूप कसं ओतायचं ते हात उंचावून करून दाखवलं.

काय निघालं

मार्कांचा फार मोठा फरक दाखवता येत नाही, आणि दाखवूही नये. वार्षिकला ८० च्या वर आठ जण होते, म्हणजे एक वाढला. एकाच सहलीतून काही ठरत नसतं.

हजेरीचं मात्र सांगता येईल. शनिवारी न येणाऱ्या तिघांपैकी दोघं फेब्रुवारीत परत यायला लागले. तिसरा सहलीला आला, भरपूर जेवला, आणि पुन्हा वर्गात आला नाही. मी दोनदा घरी गेले. त्याला दुकानावर बसवलं होतं. तिथे माझ्या बाफल्यांचा उपयोग नव्हता.

पोहेवाल्यांच्या मुलाने पुढे वर्गात स्वतःहून ठेल्याचा विषय कधी काढला नाही. पण एप्रिलमध्ये टक्केवारीचं गणित शिकवताना मी फळ्यावर ‘एक व्यापारी’ असं नेहमीसारखं लिहिलं, तर तो म्हणाला, ‘पोह्यावर लिहा ना काकू, मला रेट माहितीये.’ मग त्याने किलोभर पोह्यांत किती प्लेट, शेवेचा भाव, गॅस, हे सगळं सांगितलं, आणि त्या दिवशीचं नफ्या-तोट्याचं उदाहरण वर्गातल्या प्रत्येकाने बरोबर सोडवलं. हे मी ठरवून केलेलं नव्हतं. याचं श्रेय सहलीला द्यावं का, तेही मला माहीत नाही.

८४ वाल्याचं देणं बाकी होतं. परीक्षा संपल्यावर मी त्याच्या वडिलांना भेटले आणि सगळं सांगितलं. एका शनिवारी रात्री ते त्याला सराफ्यात घेऊन गेले, खर्च माझा. मी गेले नाही, कारण मी गेले असते तर ते पुन्हा क्लासचंच झालं असतं. सोमवारी त्याने मला हिशेब दिला, चिठ्ठीवर, पैशापैशाचा. कीस, दहीबडा, मालपुआ दोन, शिकंजी. आणि खाली: ‘जलेबा पप्पांनी त्यांच्या पैशाने घेतला.’

पुन्हा करायचं झालं तर

आधी जाहीर करायचं नाही. हे आता आम्ही पाळतो. सहल कधी, कशासाठी, हे मुलांना फक्त आठवडाभर आधी कळतं. तरी मुलं हुशार असतात, थंडी पडली की विचारायला लागतात, आणि मग ते जाहीर केल्यासारखंच होतं. यावर मला अजून उपाय सापडलेला नाही.

मर्यादा ठेवायचीच झाली तर ती स्वतःच्या आधीच्या मार्कांशी ठेवायची, वर्गाशी नाही. पण दादाचा याला विरोध आहे. तो म्हणतो, मग हुशार मुलगी ९१ वरून कुठे जाणार? त्याचा मुद्दा चुकीचा नाही.

खाण्याचं ठरवताना पदार्थाआधी वेळ ठरवायची. कोण किती वाजेपर्यंत खाऊ शकतं, कोणाला किती वाजता घरी परत यायला लागतं, हे आधी विचारायचं, प्रत्येक घरी, फोनवर, वर्गात नाही. सराफ्याची वेळ मी बदलू शकत नव्हते, पण सराफाच हवा हा हट्टही माझाच होता.

एखाद्या मुलाच्या घरच्या धंद्याकडून काही घ्यायचं असेल तर आधी मुलाला एकट्याला विचारायचं, मग घरी, आणि पैसे आदल्या दिवशी. शेतावरच्या माणसाला सकाळपासून सामील करायचं. आणि गोवऱ्यांना पांढरी राख धरेपर्यंत विटीदांडू.

यंदाच्या जानेवारीचं अजून ठरलेलं नाही. पोहेवाल्यांचा मुलगा आता दहावीत आहे, त्याची बोर्डाची परीक्षा आहे, तो सहलीला येणार नाही म्हणाला. ठेल्यावर थांबायचं असेल तर आधी सांगा, एवढं मात्र म्हणाला. रविवारी सव्वाआठला गर्दी असते, बस जरा पुढे उभी करा.